हिमस्खलनाचा धोका आणि अस्थिर बर्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाळ डोंगरात स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत, मग ते स्कीवर असोत, स्नोशूवर असोत की नुसत्या बुटांवर. स्की-रिसॉर्टच्या हद्दीत उतारांवर लक्ष ठेवायला पगारी माणसं असतात आणि धोक्याचा बर्फ स्फोटकं लावून आधीच पाडला जातो. हद्द ओलांडली की ते सगळं तुमच्याकडे येतं. हे वाचून प्रशिक्षणाची गरज संपत नाही. पण प्रशिक्षणाला जाण्याआधी आणि तिथून परतल्यावर जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत.

हिमस्खलनात नेमकं काय कोसळतं?

ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला सुट्या बर्फाचा. तो एका बिंदूपासून सुरू होतो आणि खाली पसरत जातो. लांबून पाहिलं तर उलट्या व्हीसारखा दिसतो. हा बहुतेक वेळा लहान असतो, पण कड्यावरून ढकलून द्यायला पुरतो.

दुसरा स्लॅबचा, आणि डोंगरात फिरणारी बहुतेक माणसं याच प्रकारात मरतात. वर एकसंध, एकमेकांत घट्ट बसलेला बर्फाचा थर असतो. त्याच्या खाली एक कमकुवत थर, कधी जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. वरून वजन पडलं की हा खालचा थर एका जागी चुरडतो आणि ती मोड थरातल्या थरात आजूबाजूला धावत सुटते. क्षणार्धात अख्ख्या उताराखालचा आधार जातो. फट बहुधा तुमच्या पायाशी पडत नाही, तुमच्या डोक्याच्या वर पडते. म्हणजे स्लॅब सुटतो तेव्हा तुम्ही त्याच्या काठावर नसता, मधोमध असता.

आकडे पाहू. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि फक्त अर्धा मीटर जाड स्लॅब म्हणजे १,२५० घनमीटर बर्फ. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला २०० किलो धरलं तरी २५० टन होतात. पाहणाऱ्याला हे स्खलन 'छोटंसं' वाटतं. कोरडा स्लॅब काही सेकंदांत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे 'सुटलाच तर बाजूला होऊ' हा बेत कागदावरच राहतो.

मोठ्याने ओरडलं तर हिमस्खलन होतं का?

नाही. आवाजाचा दाब त्यासाठी फारच कमी पडतो. सिनेमातून पसरलेला हा समज आहे.

मग सुरुवात कशाने होते?

नवा बर्फ, वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ, पाऊस, अचानक वाढलेली उष्णता आणि माणूस. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांत स्लॅब सोडवणारा स्वतः बळी पडलेला माणूस किंवा त्याच्याच गटातला कोणीतरी असतो. ऐकायला हे वाईट वाटतं, पण त्यातच आशेची गोष्ट आहे. स्खलन आभाळातून येऊन तुम्हाला गाठत नाही. बहुतेक वेळा तुम्ही त्या उतारावर पाय ठेवता म्हणून ते सुटतं, आणि पाय ठेवायचा की नाही हे तुमच्या हातात असतं.

किती तीव्र उतार धोक्याचा?

स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. सर्वाधिक नोंदी ३८ अंशांच्या आसपासच्या आहेत. २५ अंशांखाली कोरडा स्लॅब सुटणं दुर्मीळ. ६० अंशांच्या वर बर्फ टिकतच नाही, पडता पडताच थोडा थोडा घसरून जातो. गंमत अशी की स्कीला सगळ्यात मजा येते तीही ३० ते ४० अंशांच्या उतारांवरच.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा. बर्फाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, पण उताराचा कोन मोजता येतो. बाकी सगळं अंदाज असतं, कोन मात्र मोजमाप असतं. म्हणून कोन मोजायची सवय लावा. नजरेवर विसंबू नका, खालून उतार सौम्य भासतो आणि वरून भिंतीसारखा.

क्लिनोमीटर किंवा फोनमधलं ॲप चालतं. थंडीने फोनची बॅटरी मान टाकते तेव्हा दोन सारख्या लांबीच्या काठ्यांनी काम भागतं. एक काठी उतारावर सरळ उभी धरा. दुसरी पूर्ण आडवी धरून तिचं एक टोक वरच्या बाजूला उताराला टेकवा आणि दुसरं टोक उभ्या काठीला लावा. आडवी काठी उभीला जमिनीपासून किती उंचीवर भेटते ते पाहा. काठीच्या निम्म्यावर भेटली तर उतार २७ अंशांच्या जवळपास. ५८ टक्क्यांवर भेटली तर ३० अंश, ७० टक्क्यांवर ३५, आणि वरच्या टोकालाच भेटली तर ४५. उभ्या काठीवर ५८ आणि ७० टक्क्यांच्या जागी चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवल्या की डोंगरात हिशेब करावा लागत नाही.

घरी नकाशावर हेच समोच्च रेषांवरून काढता येतं. १:२५,००० प्रमाणाच्या आणि २० मीटर अंतराच्या रेषा असलेल्या नकाशावर दोन रेषांमध्ये साधारण १.४ मिलिमीटर जागा असेल, तर उतार ३० अंशांचा आहे. रेषा त्याहून जवळ आल्या की सावध व्हा. मात्र नकाशाला २० मीटर उंचीचा छोटा उभा टप्पा दिसत नाही, आणि माणूस गाडायला तेवढा टप्पा पुरेसा असतो.

मी तर सपाटीवरून चाललोय. मला काय धोका?

असू शकतो, दोन कारणांनी. एक, वरून सुटलेला बर्फ सपाटीवर बराच लांब येतो. दोन, कमकुवत थर सलग पसरलेला असेल तर तुम्ही पायथ्याशी टाकलेल्या पावलाने सुरू झालेली मोड उताराखालून वर धावते आणि तुमच्या डोक्यावरचा स्लॅब सोडवते. याला दुरून सुटणं म्हणतात. म्हणून कोन मोजायचा तो पायाखालचा तर मोजाच, पण वर जोडलेल्या उताराचाही मोजा. जेवायला थांबताना तर हे अगदी हटकून बघा. घळीच्या तोंडाशी, वाऱ्यापासून आडोसा असलेली छान सपाट जागा नेमकी तिथेच असते जिथे वरचा बर्फ येऊन साचतो.

धोक्याची पातळी १ ते ५ म्हणजे काय?

युरोपात १९९३ पासून पाच पातळ्यांची सामायिक मोजपट्टी वापरली जाते. उत्तर अमेरिकेचीही पाच पातळ्यांचीच आहे आणि हिमालयासाठी डीजीआरई ही संस्था देते ते इशारेही याच धर्तीचे असतात. १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त, ५ अत्यंत जास्त.

घोळ होतो तो ३ वर. पाचातले तीन म्हणजे मधलं, म्हणजे ठीकठाक, असं मन परस्पर ठरवून टाकतं. प्रत्यक्षात पातळी एकाने वाढली की धोका एका पायरीने वाढत नाही, कैक पटींनी वाढतो. पातळी ३ चा अर्थ असा की अनेक तीव्र उतारांवर एका माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो. ४ आणि ५ ला लोक घरी बसतात. ३ ला बाहेर पडतात, कारण आभाळ उघडलेलं असतं आणि ताजा बर्फ खुणावत असतो. मृत्यूंचा मोठा वाटा याच पातळीवर पडतो.

नुसता आकडा पाहून बुलेटिन (धोक्याची पातळी सांगणारं पत्रक) बंद करू नका. आकड्याखाली लिहिलेलं असतं ते जास्त कामाचं: कोणत्या उंचीच्या वर, कोणत्या दिशेच्या उतारांवर, आणि अडचण कोणत्या प्रकारची आहे. नवा बर्फ, वाऱ्याने आलेला बर्फ, जुना टिकून राहिलेला कमकुवत थर, ओला बर्फ, सरकणारा बर्फ, प्रत्येकाशी वागायची पद्धत वेगळी.

पातळी आणि कोन एकत्र कसे वापरायचे?

स्विस गिर्यारोहण मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी यासाठी साधा नियम दिला आणि तो अजून उपयोगी पडतो. पातळी २ ला ४० अंशांच्या खाली राहा, ३ ला ३५ च्या खाली, ४ ला ३० च्या खाली. ५ ला जाऊच नका. कोन धरायचा तो उताराच्या सगळ्यात तीव्र भागाचा. पातळी २ ला आपल्या वाटेच्या आजूबाजूचा भाग पाहिला तरी चालतो, ३ ला अख्खा उतार धरायचा, आणि ४ ला उताराच्या खालचा, बर्फ येऊन पोचेल तो टप्पाही.

हा नियम ढोबळ आहे. पण थकलेल्या, गारठलेल्या आणि शिखराची ओढ लागलेल्या डोक्याला ढोबळ नियमच झेपतो, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

आम्ही जातो त्या भागाचं बुलेटिनच निघत नाही. मग?

मग कोनाबाबत आणखी कंजूष व्हा. माहिती कमी असेल तर ३० अंशांखालच्या वाटा धरा आणि वरच्या उतारांपासून लांब राहा. मागच्या आठवड्याचा हवामानाचा इतिहास, म्हणजे किती बर्फ पडला, वारा कुठून होता, थंडी किती दिवस टिकली, हे स्थानिक मेंढपाळ, लष्करी चौक्या, रस्ता साफ करणारी पथकं यांच्याकडून कळतं. त्यांना 'वाट सुरक्षित आहे का' असं विचारू नका, उत्तर होकारार्थीच येईल. 'गेल्या चार दिवसांत कुठे काही कोसळलेलं दिसलं का' असं विचारा.

किती नवा बर्फ पडला की सावध व्हायचं?

परिस्थिती वाईट असेल तर १० ते २० सेंटिमीटरही पुरतात. वाईट म्हणजे जोराचा वारा, कडक थंडी, खाली गुळगुळीत कडक कवच किंवा पिसासारखे हिमस्फटिक, आणि उतारावर कोणी फारसं फिरलेलं नाही. परिस्थिती चांगली असेल तर ३० ते ५० सेंटिमीटरपर्यंत तोल टिकू शकतो. तासाला दोन-अडीच सेंटिमीटरच्या वेगाने बर्फ पडत राहिला, तर एकूण जाडी कमी असतानाही धोका चढतो. थरांना बसायला वेळच मिळत नाही.

वादळ ओसरल्यानंतरचा पहिला निळा दिवस सगळ्यात फसवा. नव्या बर्फाची अडचण सहसा एक-दोन दिवसांत निवळते. तेवढं थांबलं तर बर्फ कुठे पळून जात नाही.

आभाळ स्वच्छ आहे, बर्फ पडलेलाच नाही, नुसता वारा आहे. तरीही धोका?

हो, आणि हेच लोक विसरतात. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे टाकतो, आणि तो आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगानेही साठू शकतो. रात्री एक कणही न पडता सकाळी वाऱ्याआडच्या उतारावर अर्धा मीटर नवा स्लॅब तयार असतो.

खुणा वाचायला शिका. धारेवरून उडणारा बर्फाचा पदर दिसला की पलीकडे भर पडते आहे. वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बाजूला बर्फ खरवडलेला, नक्षीदार आणि कडक असतो. वाऱ्याआडची बाजू फुगीर, गुळगुळीत, उशीसारखी गोल असते. काठी खुपसली तर वर घट्ट आणि खाली मऊ लागतं. पोकळ, ढबढब असा आवाज येत असेल तर तिथून काढता पाय घ्या. धारेच्या कडेला लोंबणारी कॉर्निस, म्हणजे बर्फाची झालर, ही तर वाऱ्याने लिहून ठेवलेली दिशाच. तिच्यावर चालू नका. ती तुटते तेव्हा अपेक्षेपेक्षा बरीच मागून, खडकाच्याही आत येऊन तुटते.

कमकुवत थर तयार तरी कसा होतो?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण जुन्या बर्फाची बहुतेक दुखणी इथून निघतात.

जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो. वरची हवा मात्र उणे १५ किंवा उणे २० असू शकते. बर्फाची जाडी कमी असेल तर हा सगळा फरक थोड्याशा जाडीत पडतो. दर १० सेंटिमीटरला १ अंशाहून जास्त फरक झाला की बर्फातली वाफ खालून वर सरकायला लागते आणि जाता जाता कणांचे आकार बदलून टाकते. एकमेकांना धरून बसलेले गोलसर कण जाऊन पैलूदार, कोरडे, सुटे स्फटिक तयार होतात. मुठीत घेतले तर साखरेसारखे बोटांतून गळतात, दाबून गोळा होत नाही. म्हणूनच हंगामाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ आणि त्यानंतरची लांब थंडी हे सगळ्यात वाईट जोडपं. वर नंतर मीटरभर सुंदर बर्फ पडतो आणि पाया मात्र भुसभुशीत राहतो.

दुसरा प्रकार पृष्ठभागावरच्या हिमस्फटिकांचा, म्हणजे सरफेस होर. निरभ्र, शांत रात्री दमट हवेतली वाफ बर्फावर गोठते आणि सकाळी पिसांसारखी, उन्हात लखलखणारी पातं उभी दिसतात. तोवर ती निरुपद्रवी. त्यांच्यावर नवा बर्फ अलगद पडला की ती उभीच्या उभी गाडली जातात आणि पुढे कित्येक आठवडे तशीच राहतात. म्हणून बर्फ पडण्यापूर्वी पृष्ठभाग कसा होता, आणि कुठल्या उतारांवर असा होता, याची नोंद ठेवणारा माणूस पुढच्या वादळानंतर सगळ्यांपेक्षा शहाणा ठरतो.

हे थर सावलीच्या उतारांवर जास्त काळ टिकतात. उत्तर गोलार्धात ती उत्तरेची बाजू, दक्षिण गोलार्धात दक्षिणेची.

चालताना पायाखाली 'धप्प' असा आवाज झाला आणि बर्फ खाली बसल्यासारखा वाटला. हे काय?

तुमच्या पायाखालचा कमकुवत थर आत्ता मोडला. जागा सपाट होती म्हणून बर्फ सरकला नाही, एवढंच. काही जण या आवाजाने सुखावतात, 'बर्फ बसला, आता पक्का झाला' म्हणतात. नेमकं उलटं आहे. यापेक्षा स्पष्ट इशारा डोंगर देत नाही. अशा दिवशी तीव्र उतार यादीतून काढून टाका.

याच तोलामोलाचे आणखी इशारे: तुमच्या स्कीपासून किंवा बुटापासून बर्फात सर्रकन धावत गेलेली फट, आणि आजूबाजूच्या सारख्याच दिशेच्या उतारांवर ताजी स्खलनं. यातलं एक जरी दिसलं, तरी खड्डा खणून चाचणी करायची गरज उरत नाही. उत्तर मिळालेलं आहे.

खड्डा खणून चाचणी करतात ती कशी?

चाचण्या बऱ्याच आहेत. सध्या सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी एक म्हणजे विस्तारित स्तंभ चाचणी, तिला ईसीटी म्हणतात. जिथे जायचंय तशाच दिशेचा, तशाच उंचीवरचा, पण छोटा आणि खाली मोकळी जागा असलेला उतार निवडा. सपाट भिंत खणा. बोटाने वरून खाली चाचपत या: मूठ आत जाते, चार बोटं जातात, एक बोट, पेन्सिल की फक्त चाकू. घट्ट थराखाली अचानक मऊ थर लागला, तर संशयित सापडला.

मग उतारावर आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा चारी बाजूंनी सुटा करा. मागची बाजू दोरीने किंवा करवतीने कापावी लागते. एका टोकावर फावड्याचं पातं सपाट ठेवा आणि ठोके द्या: १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. लक्ष ठोक्यांच्या आकड्यावर कमी आणि मोड कुठवर जाते यावर जास्त ठेवा. फावड्याखालचाच भाग तुटला आणि मोड तिथेच थांबली, तर ती फारशी पसरणारी नाही. मोड एका ठोक्यात सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावली आणि वरचा अख्खा तुकडा सुटून पुढे आला, तर तो उतारही तसाच वागू शकतो. पाहताना अंगावर काटा येतो, पण एकदा जरूर पाहावं.

सवय झाल्यावर सगळं १५-२० मिनिटांत होतं. नवख्यांना तास लागतो आणि तोवर हात बधिर होतात.

चाचणीत काहीच तुटलं नाही. आता त्या उतारावर जाऊ ना?

चाचणीने 'नको' म्हटलं तर ऐका. 'हो' म्हटलं तर त्यावर विसंबू नका. कमकुवत थर उतारभर सारखा नसतो. खडकाशेजारी, धारेजवळ, बर्फ पातळ असेल तिथे तो पृष्ठभागाच्या जवळ येतो आणि माणसाचं वजन त्याला सहज पोचतं. दहा मीटरवर खणलेला खड्डा हे सांगत नाही. दहा जण बिनधास्त उतरून गेले आणि अकराव्याचा पाय त्या पातळ जागी पडला, असे अपघात नोंदलेले आहेत.

माझं मत सांगतो: सकाळी घरून निघतानाच कोन आणि वाट ठरवावी. खड्ड्याने ती सौम्य करायला हरकत नाही, पण तीव्र कधीच करू नये.

वसंतात बर्फ घट्ट असतो, तेव्हा काळजी मिटली का?

पहाटे बहुधा हो, दुपारी नाही. रात्री आभाळ मोकळं राहून बर्फ नीट गोठला असेल तर सकाळचे काही तास छान जातात. ऊन चढलं की पाणी झिरपून थरांमधली पकड सैल होते. घोट्यापर्यंत बूट रुतायला लागले, उतारावरून बर्फाचे गोळे गरगरत खाली येऊ लागले, खडकांवरून पाणी टपकायला लागलं, की तुम्ही उतरून झालेलं असायला हवं. पूर्वेचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ गोठतच नाही, आणि मग पहाट लवकर गाठून काही उपयोग नसतो.

जमिनीपर्यंत उघडलेल्या, वाकड्या तोंडासारख्या भेगा दिसल्या तर त्या उताराखाली रेंगाळू नका. तो बर्फ गवतावरून किंवा गुळगुळीत कातळावरून अख्खाच्या अख्खा सरकतोय. कधी सुटेल याचा अंदाज जाणकारांनाही बांधता येत नाही.

आधीच पाऊलवाट पडलेली आहे. म्हणजे उतार तपासला गेलाय, नाही का?

नाही. कोणीतरी सुटून गेलं, इतकंच कळतं.

आणि जंगलातून गेलो तर?

झाडांमधून आरामात स्की करता येत असेल, तर तेवढ्या फटीतून स्लॅबही सुटतो. दाट झाडी बर्फाला धरून ठेवते, विरळ झाडी तुमच्या हाडांसाठी जास्त धोक्याची. फांद्या एकाच बाजूने तुटलेल्या किंवा सोलवटलेल्या दिसल्या तर तो स्खलनाचा नेहमीचा रस्ता समजा.

आमच्याबरोबर अनुभवी लीडर आहे. बाकीच्यांनी हे सगळं शिकायची काय गरज?

हिमस्खलनाच्या अपघातांत जाणकारांची संख्या कमी नाही. इयान मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने २००० नंतरच्या काही वर्षांत अपघातांच्या नोंदी चाळून दाखवलं की माणसं माहिती नसल्यामुळे फसतात त्यापेक्षा मनाच्या ठरावीक खोड्यांमुळे जास्त फसतात. ओळखीचा उतार आहे. एवढे पैसे आणि सुट्टी खर्च झाली. दुसरा गट आपल्या आधी जाईल. बाकी सगळे तयार आहेत, मी एकटाच कसा नाही म्हणू? आणि लीडरला कळत असेलच ना.

यावर मला पटलेला उपाय एकच: कोणा एकाचाही नकार हा सगळ्या गटाचा नकार, आणि त्याला कारण द्यावं लागणार नाही, असं गाडीतून उतरण्याआधीच ठरवून टाकायचं. उतारावर उभं राहून हा नियम करता येत नाही. ज्या लीडरला हा नियम खटकतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

धोक्याचा उतार टाळता येत नसेल तर कसा ओलांडायचा?

आधी परत वळायचा पर्याय खरंच तपासा, तो बहुतेक वेळा असतोच. ओलांडायचाच झाला तर एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांची नजर त्याच्यावर, आणि उभं राहायचं ते धारेवर किंवा मोठ्या खडकाआड. उताराच्या मधोमध साथीदाराची वाट बघत थांबायचं नाही. शक्य तितकं वरून ओलांडा, म्हणजे सुटलाच तर डोक्यावर बर्फ कमी असेल. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा आणि स्कीच्या सुरक्षा-दोऱ्या सोडा, नाहीतर ते खाली ओढत नेतात. बीकन, म्हणजे गाडल्या गेलेल्याला शोधता यावं म्हणून सिग्नल देणारं अंगावरचं यंत्र, सुरू आहे ना ते एकमेकांचं तपासा.

आणि खाली बघा. उताराच्या पायथ्याशी मोकळं मैदान असेल तर लहान स्खलनातून माणूस वाचतो. तिथे घळ, ओढा, झाडं किंवा कडा असेल तर तेच लहान स्खलन जीव घेतं, कारण बर्फ एका जागी खोल साठतो किंवा तुम्हाला आपटतो.

बीकन, प्रोब, फावडं पुरेसं आहे का? एअरबॅग घ्यावी का?

बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तीन प्रत्येकाकडे हवीतच, एकाकडे तिन्ही आणि बाकीचे मोकळे असं चालत नाही. सगळे आधुनिक बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असल्या तरी एकमेकांना सापडतात. फोन, कॅमेरा, हीटरचे हातमोजे यांचा सिग्नलला अडथळा होतो. बीकन अंगावर असताना ते २० सेंटिमीटर लांब ठेवा आणि शोधताना ५० सेंटिमीटर. फावडं धातूचंच घ्या. स्खलन थांबलं की बर्फ इतका घट्ट बसतो की प्लॅस्टिकचं पातं वाकतं किंवा तुटतं.

एअरबॅगमुळे, म्हणजे पाठीवरच्या फुगणाऱ्या पिशवीमुळे, माणूस पृष्ठभागाजवळ राहण्याची शक्यता बरीच वाढते, पैसे असतील तर घ्या. पण कड्यावरून पडणं, झाडावर आदळणं यापासून ती वाचवत नाही, आणि दगावणाऱ्यांत अशा मारानेच जाणारेही बरेच असतात. पाठीवर एअरबॅग आहे म्हणून पाच अंश जास्तीचा उतार निवडला, तर ती घेतली काय आणि नाही काय.

स्खलनात सापडलो तर स्वतः काय करायचं?

ओरडा, म्हणजे बाकीच्यांची नजर तुमच्यावर जाईल. एअरबॅग असेल तर लगेच ओढा. स्लॅबच्या काठाजवळ असाल तर तिरकं निसटायचा प्रयत्न करा, नाहीतर जीव तोडून वर राहायची धडपड करा. वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडासमोर आणून श्वासासाठी पोकळी करा. बर्फ थांबल्यावर बोटही हलवता येत नाही, त्यामुळे हे थांबण्यापूर्वीच व्हायला हवं.

साथीदार गाडला गेला. मदत बोलवायला जायचं की शोधायचं?

शोधायचं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. त्यानंतर आलेख कड्यासारखा कोसळतो, आणि अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडे उरतात. हेलिकॉप्टर कितीही चपळ असलं तरी इतक्या वेळात पोचत नाही. जास्त माणसं असतील तर एकाने फोन किंवा सॅटेलाइट यंत्रावरून कळवावं. दोघंच असाल आणि एक बर्फाखाली असेल, तर फोन एका मिनिटात होत असला तरच करा.

आधी नवा बर्फ सुटणार नाही ना ते पाहा. साथीदार शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवा आणि तिच्या खालच्या भागात शोध सुरू करा. सगळ्यांनी आपापले बीकन शोधाच्या मोडवर टाकायचे, एकाचाही पाठवायच्या मोडवर राहिला तर सगळे त्याच्याच मागे फिरतात. वर दिसणारा हातमोजा, काठी, स्की उपसून पाहा. सिग्नल सापडला की धावा, बीकनवरचा आकडा (अंदाजे मीटरमधलं अंतर) १० च्या खाली आला की वेग कमी करा, ३ च्या खाली बीकन बर्फाला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा. सगळ्यात लहान आकडा मिळेल तिथून प्रोब खुपसायला सुरुवात करा, २५ सेंटिमीटर अंतर ठेवत गोल गोल बाहेर. माणूस लागला की प्रोब तिथेच राहू द्या.

खणताना लोक प्रोबजवळ सरळ खाली खणतात आणि खड्ड्यात अडकून बसतात. गाडल्याची खोली प्रोबवर वाचा, तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि तिथून आडवं आत शिरा. मीटरभर खोल असलेल्या माणसासाठी टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणून पुढच्याने तोडायचा आणि मागच्यांनी मागे ढकलायचा, दर मिनिटाला जागा बदलत. आधी चेहरा मोकळा करा, तोंडातला बर्फ काढा, छातीवरचं ओझं हटवा. श्वास नसेल तर बाकीचं शरीर बाहेर येण्याची वाट न पाहता तिथेच कृत्रिम श्वास सुरू करा.